डोकेदुखी, गोळी आणि शवासन

यवतमाळच्या वैशाखात उन्हातून परतलेला माणूस डोके धरून बसतो आणि घरातले कोणीतरी औषधाच्या दुकानाकडे धावते. एखाद्या दिवशी ते क्षम्य आहे. परंतु हप्त्याच्या चिंतेने ग्रासलेला कास्तकार, परीक्षार्थी मुलगी, घर आणि शाळा दोन्ही सांभाळणारी शिक्षिका यांच्या उशाशी ती गोळी कायमची येऊन बसते, तेव्हा विचार करणे भाग आहे. महिन्यातून १५ वा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेतल्यास त्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

या चक्रातून सुटण्यास साहाय्य करणारे एक तंत्र म्हणजे बायोफीडबॅक. कपाळाच्या स्नायूंवरील ताण किंवा बोटांचे तापमान यंत्र मोजते आणि ध्वनी वा आकड्याच्या रूपाने रुग्णापुढे ठेवते. यंत्र केवळ आरसा धरते. स्नायू सैल सोडण्याची आणि हात उबदार करण्याची कला रुग्णानेच साध्य करायची असते. अमेरिकेतील मेनिंजर फाउंडेशनमध्ये डॉ. एल्मर ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अर्धशिशीच्या रुग्णांना शिकविली. तेथेच १९७० साली स्वामी राम यांनी एकाच तळहाताच्या दोन भागांत तापमानाचा फरक निर्माण करून दाखविला.

हे वाचून आपला ऊर अभिमानाने भरून येतो. पण नुसत्या अभिमानाने कुणाचे डोके दुखायचे थांबत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या आणि निष्कर्ष 'योगमीमांसा'तून जगापुढे मांडले. 'आमच्याकडे हे होतेच' एवढ्यावर ते थांबले नाहीत. दिल्लीच्या एम्समधील २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही औषधासोबत योग करणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांना केवळ औषध घेणाऱ्यांहून अधिक लाभ झाला. यातील 'औषधासोबत' हा शब्द विसरता कामा नये. अचानक उठलेली असह्य कळ, ताप, दृष्टिदोष वा हातापायांतील दुर्बलता दिसताच प्रथम डॉक्टरच गाठले पाहिजेत.

प्रत्येक तालुक्यात यंत्र पोहोचणे कठीण. पण शवासनाला सतरंजीखेरीज काय लागते? पुसद-वणीपासून घाटंजीपर्यंत शाखांनी, शाळांनी आणि महिला मंडळांनी रोज १५ मिनिटे शिथिलीकरण शिकवावे, दुखण्याच्या दिवसांची आणि गोळ्यांची नोंद ठेवण्यास सांगावे. २१ जूनचा उत्सव वर्षातून एकदा येतो. डोकेदुखी तिथी पाहून येत नाही. आपला वारसा आपण रोज आचरला, तरच तो आपला.