दुधाच्या खाड्यांशेजारी चार शब्द

मैत्रिणींनो, तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काय काय लिहिलेलं असतं? दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, बाईची सुट्टी, मुलांची फी. माझ्याही असतंच. पण मागच्या पावसाळ्यात आंबोलीला मामेवहिनींकडे गेले, तर त्यांच्या कॅलेंडरवर जून महिन्यात दुधाच्या खाड्यांखाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'सड्यावर बेडूक ओरडले.' पुढे एका चौकोनात, 'रस्त्यावर चिरडलेले सात.'

मी विचारलं, तर वहिनी लाजल्या. "लिवन ठेवतंय गो, उगाच आपला."

"किती वर्षं?"

"लगीन होऊन इलंय तेव्हापासून."

म्हणजे पंचवीसेक वर्षं! मी आधीची कॅलेंडरं मागितली. वहिनी म्हणाल्या, "जुनी? ती रद्दीत गेली मगो."

तेव्हापासून हे मनातून जात नाही. आंबोली म्हणजे काही साधंसुधं गाव नव्हे. इथल्या कातळसड्यावर पहिल्या पावसात साचणाऱ्या पाण्यात अंडी घालणारा एक भेक २००९ मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला, आणि तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर असल्याचं मानलं जातं. हिरण्यकेशीच्या कुंडातला छोटासा मासा २०२० मध्ये नवी जात म्हणून जाहीर झाला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. अशा गावात एका बाईने पंचवीस वर्षं पावसाची आणि बेडकांची तारीख लिहिली, ती दहा रुपये किलोने गेली. नुकसान कुणाचं झालं?

या निमित्ताने एका बाईंची ओळख करून द्यावीशी वाटते. ज्युलिया पॅरिश. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक. अभ्यास समुद्रपक्ष्यांचा. टाटूश नावाच्या एका बेटावर 'मर' हे काहीसे पेंग्विनसारखे दिसणारे पक्षी त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले. पण एक बाई किती किनारा बघणार? म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी किनाऱ्यावरच्या साध्या माणसांनाच हाताशी धरलं. शास्त्राची पदवी नको. दर महिन्याला आपल्याच ठरलेल्या किनाऱ्यावर चालायचं, वाहून आलेला मेलेला पक्षी दिसला की त्याचा पाय बघायचा, चोच आणि पंख मोजायचे, फोटो काढायचा, खूण बांधायची म्हणजे तोच पक्षी दोनदा मोजला जात नाही.

मेलेले पक्षी मोजण्यात कसलं आलंय शास्त्र, असं वाटेल. पण २०१५-१६ मध्ये कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत मर पक्षी किनाऱ्यावर येऊन पडू लागले. सुमारे ६२,००० मेलेले वा मरायला टेकलेले पक्षी मोजले गेले. समुद्राचं पाणी तापलं होतं, मासे कमी पडले होते, पक्षी उपाशी मेले. हे नेहमीपेक्षा किती पट जास्त, हे छातीठोक सांगता आलं, कारण 'नेहमी' किती पडतात हे त्या माणसांनी आधीच लिहून ठेवलं होतं. पुढे २०२४ च्या एका अभ्यासात एकट्या अलास्कात सुमारे चाळीस लाख मर मेल्याचा अंदाज आला.

मला पॅरिशबाईंची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रिकाम्या किनाऱ्याचीही त्यांच्याकडे नोंद होते. 'आज एकही नाही' हीसुद्धा माहितीच. दुधाचा खाडा लिहिणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला हवं का?

आपल्याकडे हे नाहीच असं नाही. वहिनींचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथल्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकांवर सुरय आणि पाकोळ्या वीण करतात. गुहेतल्या पाकोळ्यांची घरटी चोरून विकली जात होती. तो प्रकार उजेडात आणला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने. आणि २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जाती तपासल्या, पण दीर्घकाळात वाढल्या की घटल्या हे सांगता आलं फक्त ३३८ जातींबद्दल. त्यातल्या साठ टक्के घटलेल्या! उरलेल्यांबद्दल पुरेशा जुन्या नोंदीच नाहीत. त्या कुठल्या कुठल्या रद्दीत गेल्या असतील, कोण जाणे.

आता कुणी म्हणेल, बाईच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम. नाव होणार शास्त्रज्ञाचं. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. नोंद ज्या बाईची, तिथे तिचं नाव लागलंच पाहिजे, हे आपण ठणकावून सांगायला हवं. आणि जमत नसेल त्या दिवशी लिहू नये, त्याचं ओझं कशाला? पण बघणं तर आपण करतोच ना? अंगण झाडताना, कपडे वाळत घालताना, मासे आणायला बंदरावर जाताना. आपण बघतो, घरात सांगतो, कुणी ऐकत नाही, आणि मग आपणही विसरतो. लिहिलेल्याचं तसं होत नाही.

दुसरा आक्षेप, आम्हाला नावं कुठे येतात? नसू देत. 'पांढरा, कबुतराएवढा, शेपटीला दोन टोकं' एवढं पुरतं. फोटो असेल तर जाणकार सांगतो. ठाऊक नाही तिथे 'ठाऊक नाही' लिहावं, ठोकून द्यायचं तेवढं टाळावं. आणि घरट्याजवळ जायचं नाही, पाण्याकडे एकटीने जायचं नाही.

तारीख, जागा, काय दिसलं, किती. चारच गोष्टी. शाळेतल्या मुलांना हाताशी घ्या, बचतगटाच्या बैठकीत पाच मिनिटं ठेवा. वेंगुर्ल्याच्या बचतगटातल्या बायका खाडीत होडीने पर्यटकांना कांदळवन दाखवतात, तिथे आपल्याला काय कठीण?

निघताना मी वहिनींना दोनशे पानी वही दिली. त्यांनी ती मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवली. म्हणाल्या, "ह्येच्यार माझा नाव घालू?"

"आधी नावच घाला," म्हटलं.

आणि हो, यंदाचं कॅलेंडर डिसेंबरात रद्दीवाल्याला देऊ नका.