बंधारा म्हणजे पूल नव्हे!

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाने जोर धरला, की निपाणी-चिकोडी भागात एक वार्ता ठरल्याप्रमाणे येऊन थडकते : ‘बंधारे पाण्याखाली गेले, वाहतूक बंद पडली.’ वेदगंगेवरील जत्राट-भिवशी आणि अक्कोळ-सिदनाळ, दूधगंगेवरील मलिकवाड-दत्तवाड, कृष्णेवरील कल्लोळ-येडूर, ही नावे जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात त्याच क्रमाने उच्चारली जातात. सरकारी अधिकारी पाहणी करून जातात, रस्त्यावर आडवे बांबू पडतात, आणि पाणी ओसरले की प्रश्नही ओसरतो. लोकांच्या अंगवळणी पडलेले दुःख हे दुःखच नव्हे, असा सोयीस्कर समज सरकारदरबारी झालेला दिसतो. तो दूर करणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. ज्यांना आपण पूल म्हणतो, ते वस्तुतः पूल नव्हेतच. ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. नदीच्या पात्रात ठराविक अंतरावर दगडी खांब उभारावयाचे, पावसाळा संपला की त्यांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवावयाचे, आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते बरगे काढून नदीला वाट मोकळी करून द्यावयाची, अशी ही शहाणपणाची योजना आहे. अडविलेल्या पाण्यावर काठच्या शेतकऱ्याने उपसा करून ऊस उभा केला, आणि ज्या मळ्यांत उन्हाळ्यात धूळ उडे तेथे हिरवळ दिसू लागली. या बंधाऱ्यांचे हे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु बंधाऱ्याची उंची पाणी अडविण्याच्या हिशेबाने ठरते, माणसे पार नेण्याच्या हिशेबाने नव्हे. खांबांवर फरशी पडली, तिच्यावरून बैलगाडी गेली, पुढे मोटारी जाऊ लागल्या, आणि जी केवळ जोडसोय होती तीच गावोगावचा राजमार्ग होऊन बसली. बंधारा पुरात बुडतो हा त्याचा दोष नाही. तो बुडावा अशीच त्याची घडण आहे. दोष आहे तो बंधाऱ्यालाच पूल समजून स्वस्थ बसणाऱ्या राज्यकर्त्यांचा.

पूर्वी या नद्यांवर नाव होती, उतार होते, नावाडी होते. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि पैलतीरावरील जुगूळ यांच्यामधली कृष्णा पिढ्यान्‌पिढ्या नावेनेच ओलांडली गेली. प्रसंगी गुळाची काहीलसुद्धा पाण्यात ढकलून माणसे पार झाली आहेत. तो काळ अडचणीचा होता खरा. पण तेव्हा नदीपलीकडची गरज थोडी होती. आज बोरगाव-कारदग्याकडचा कामगार इचलकरंजीच्या मागावर जातो, दूध दोन्ही वेळा नदी ओलांडते, मुले पलीकडच्या शाळेत बसतात, आणि बाळंतिणीला व सर्पदंश झालेल्याला ज्या दवाखान्यात न्यावयाचे तो बहुधा पैलतीरावरच असतो. नाव गेली, नावाडी गेला, आणि त्यांच्या जागी आलेला बंधारा ऐन गरजेच्या वेळी बुडतो. पुराच्या दिवसांत लांबचा वळसा घालण्यावाचून गत्यंतर नसते; आणि वळशाचा रस्ताही पाण्याखाली असला, तर दैवावर हवाला ठेवण्यावाचून दुसरे काय उरते?

गावरस्त्यांचीच ही कथा आहे असेही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि देशाच्या दोन मोठ्या नगरांना जोडणारा रस्ता निपाणीच्या वेशीवर थबकला. महामार्ग उंच करावयाचा म्हणून मातीचे लांबलचक भराव टाकले, तर तेच भराव पुराच्या पाण्याला बांध होऊन वरच्या गावांत पाणी तुंबवितात. पुराला जाण्यास पुरेशी दालने ठेवून खांबांवर रस्ता न्यावा, ही नदीकाठच्या गावकऱ्यांची मागणी म्हणूनच रास्त आहे.

मग अडते कोठे? अडते ते नदीच्या मध्यावर. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हापासून १९५६ पर्यंत मलिकवाड आणि दत्तवाड ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला जोडण्यात आला आणि दूधगंगेचे एक पात्र दोन सरकारांत विभागले गेले. आज बंधाऱ्याचे एक टोक एका बांधकाम खात्याच्या नकाशावर, तर दुसरे दुसऱ्याच्या. एकाने कागद हलवावा तर दुसऱ्याचा कागद तयार नसतो. एकाने निधी द्यावा तर पलीकडे जमीन मिळत नाही. पाण्याच्या वाटपासाठी १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट पाणी दिले. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटर असावी की ५२४ मीटरच्या वर जावी, हा वाद दुसऱ्या लवादापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. तो वाद महत्त्वाचा नाही असे कोण म्हणेल? परंतु पाण्याचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या या व्यवस्थेत, त्या पाण्यातून माणसाने पार कसे व्हावे हे ठरविणारा लवाद कोठेच नाही!

दोन राज्यांचे जमत नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरण दोन राज्यांच्या करारातूनच उभे राहिले आणि त्यातील ४ अब्ज घनफूट पाणी कर्नाटकाच्या वाट्याला ठरले. पुराच्या वेळी धरणांच्या विसर्गाची माहिती परस्परांना द्यावी, यासाठी जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांचे राज्यकर्ते बंगळूरला एकत्र बसले होते. धरणासाठी करार होतो, विसर्गासाठी बैठक होते, मग पुलासाठीच का होऊ नये?

काहीजण म्हणतील, वर्षातील थोड्या दिवसांसाठी एवढा खर्च कशाला? त्यांना आमचे उत्तर एवढेच, की पुलाची किंमत कोरड्या दिवसांवरून करावयाची नसते. ज्या दिवशी नदी पात्राबाहेर पडते, त्याच दिवसासाठी पूल बांधावयाचा असतो.

तेव्हा कोल्हापूर आणि बेळगाव येथील जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून, दरवर्षी बुडणाऱ्या ओलांडण्यांची एक यादी करावी. २०१९ व २०२१ च्या पूरपातळ्या समोर ठेवून नव्या पुलांची उंची ठरवावी. काम एकाच यंत्रणेकडे द्यावे आणि खर्च दोघांनी वाटून घ्यावा. बंधारे पाण्यासाठी राहोत. माणसांसाठी स्वतंत्र उंच पूल होवोत. तोपर्यंत बरगे वेळेवर निघतील, बुडत्या बंधाऱ्यावर अहोरात्र पहारा राहील आणि तातडीच्या रुग्णासाठी नाव सज्ज असेल, एवढे तरी दोन्ही सरकारांनी पाहावे.

सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याचा निर्णय न्यायासन देईल. पण दूधगंगेच्या काठी आजारी मूल कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या मातेने त्या निर्णयाची वाट पाहत थांबावे, असे कोणत्याही राज्याच्या कायद्यात लिहिलेले नाही.