न मोजलेले गुडघे

जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांनी २०११ मध्ये अपंगत्वावरचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. ५९ देशांतल्या पाहणीवरून त्यात प्रौढ स्त्रियांमधलं अपंगत्वाचं प्रमाण १९.२ टक्के निघालं, पुरुषांमधलं १२ टक्के. त्याच वर्षी भारतात जनगणना झाली आणि चित्र उलटं दिसलं. २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींत ५६ टक्के पुरुष होते. हालचालीचं अपंगत्व नोंदवलेल्या ५४ लाखांत तर पुरुष सुमारे ३४ लाख आणि स्त्रिया २१ लाखांहून कमी.

जगभर बायकांना चालणं जड जातं आणि भारतात तेवढं जात नाही, हे पटणारं नाही.

या आकड्यांत थोडं सत्य आहेच. रस्त्यावर, यंत्रावर, बांधकामावर हातपाय गमावणाऱ्यांत पुरुष जास्त असतात. पण ते अपंगत्व एका दिवसात येतं आणि सगळ्यांना दिसतं. बाईचं चालणं हळूहळू कमी होतं. जगातल्या अस्थिसंधिवाताच्या रुग्णांपैकी ६० टक्के स्त्रिया आहेत. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. पन्नाशीनंतर दर तीन स्त्रियांपैकी एकीचं असं ठिसूळ हाड कधी ना कधी मोडतं, पुरुषांत हे पाचांपैकी एकाचं होतं. त्यात बायका जास्त जगतात, म्हणजे दुखणाऱ्या गुडघ्यांनी काढायची वर्षंही त्यांच्याच वाट्याला जास्त येतात. आधी जिना सुटतो, मग बाजार, मग देऊळ. घरातले म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’ तीही तेच म्हणते.

अशा घरात २०११ चा प्रगणक गेला आणि त्याने विचारलं, ही व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग आहे का? उत्तर बहुधा कुटुंबप्रमुखाने दिलं. तो खोटं बोलला नसेल. आईला कुणी कधी अपंग म्हटलेलंच नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २००१ पासून काम करणाऱ्या वॉशिंग्टन गटाने यावर सोपा उपाय काढला आहे. ‘अपंग’ हा शब्दच वापरायचा नाही. चालायला किंवा पायऱ्या चढायला त्रास होतो का, एवढंच विचारायचं. उत्तरं चार: नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. अनेक देशांच्या जनगणनांनी हे प्रश्न स्वीकारले.

मोजणीत नसलेल्या बाईसाठी कुणी तरतूद करत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे बहुतेक लाभ किमान ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यावर मिळतात, आणि तो काढायला सरकारी रुग्णालय गाठावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या फक्त ४२ टक्के स्त्रियांना बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर एकटीने जाण्याची मोकळीक होती. धडधाकट बायकांची ही गत, तर काठी टेकत चालणारीला कोण घेऊन जाणार?

हे केवळ गरिबीचं दुखणं नाही. सरकारी खर्चाने उपचार होणाऱ्या कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातही २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की, गरज असून गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया न झालेल्यांचं प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या तिपटीहून अधिक होतं. शस्त्रक्रियेची तयारी दोघांचीही सारखीच होती. डॉक्टरशी त्याबद्दल बोलणं मात्र बायकांचं कमी झालं होतं.

भारताच्या पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणकांना प्रशिक्षण देताना सरकारने एवढं बजावावं, की चालण्या-चढण्याच्या त्रासाबद्दल शक्य तिथे त्या बाईलाच विचारा. आणि प्रगणक दारात आला, की घरातल्यांनीही आई, आजी, सासूबाई यांना पुढे बसवावं. उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्यावं.