वही राहू द्या

शेजारच्या आबांना घेऊन रावेरहून पहाटेच्या एसटीने जळगाव गाठलं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अकरा वाजले. आत गेल्यावर आबांनी पिशवीतून नातवाची अर्धी उरलेली शाळेची वही काढली. तीन महिन्यांचं बी.पी., सकाळ-संध्याकाळ, सुनेच्या अक्षरात. कडेला शेरेही होते : ‘रात्रीची लाइट, पाणी भरलं’, ‘गोळी संपली’, ‘लग्नात जेवले’. डॉक्टर हसून म्हणाले, “आबा, वही राहू द्या, हात पुढे करा.” यंत्राने 162/94 दाखवलं, एक गोळी वाढली, वही पिशवीत गेली.

घरचे एकशेऐंशी आकडे दवाखान्यातल्या एका आकड्यापुढे हरले. तोही एसटीचे धक्के, जिना आणि समोरच्या पांढऱ्या कोटाची धास्ती यांच्यासकट घेतलेला. दवाखान्यात 140/90 ही जी रेघ मानतात, ती घरच्या मोजणीत 135/85 धरतात, हे वैद्यकशास्त्रच सांगतं. म्हणजे घरचा आकडा शास्त्राने कधीच मान्य केलाय. केसपेपरवर मात्र त्याला जागा नाही, ‘बी.पी.’पुढे एकच रेघ, ती डॉक्टरांच्या आकड्यासाठी.

खानदेशात तर वहीवाचून भागणारच नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, थंडीत पहाटे दहाच्या खाली उतरतो. उन्हात रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, बी.पी. उतरतं; थंडीत ते चढतं. जानेवारीत बसवलेला डोस, त्यातही लघवी वाढवणारी गोळी असेल तर, मेमध्ये माणसाला केळीच्या बागेत डोळ्यांपुढे अंधारी आणतो. हा उतार दोन महिन्यांतून एकदा मोजून दिसत नाही, तो वहीत दिसतो.

वही चुकते, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदी खोटा नाही. बी.पी.सारखीच शुगरही घरी मोजून वहीत लिहितात, पण ती मोजायच्या बहुतेक पट्ट्या 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात. धुळ्यातल्या पत्र्याच्या घरात उन्हाळी दुपारी कुठून आणायचे ते 30? आणि केळं सोलून हात न धुता बोट टोचलं, की शुगर बोटावरचीच निघते. पण हे एकदा समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. चुकेल म्हणून वही न उघडणं हा काही उपाय झाला नाही.

ब्रिटनमधल्या एका चाचणीचा निष्कर्ष 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. 1,182 रुग्ण होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांचं वरचं बी.पी. वर्षाअखेरीस सरासरी 140.4 होतं. घरी मोजून आकडे कागदावर पाठवणाऱ्यांचं 137, मोबाइलवरून पाठवणाऱ्यांचं 136. कागद आणि मोबाइल यांतला फरक नगण्य ठरला. खरी मेख अशी, की या दोन्ही गटांत डॉक्टर घरचेच आकडे पाहून औषध बदलत होते. नुसतं मोजून बी.पी. फारसं उतरत नाही, हे इतर अभ्यासांतूनही दिसलंय. तेव्हा ॲपची वाट पाहत बसायचं कारण नाही. (ॲप विकणारे अर्थात वेगळं सांगतील.)

डॉक्टरांना वेळ नाही हे कबूल. ओपीडीची रांग आम्हीही पाहतो. मग बाहेर बसलेल्या सिस्टरने शेवटचे सात दिवस घ्यावेत, पहिला दिवस सोडून सरासरी काढावी आणि केसपेपरवर एक आकडा लिहावा. हे जमत नाही असं म्हणायची सोय कोविडने ठेवलेली नाही. 15 सप्टेंबर 2020 ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि ऑक्सिमीटर दारोदार फिरला. घरीच विलगीकरणात असलेल्या माणसाला फोनवर “ऑक्सिजन किती?” असं विचारलं जाई, आणि तो सांगेल त्या आकड्यावर खाट शोधायची की नाही ते ठरे. तेव्हा घरच्या आकड्याला कोणी ‘राहू द्या’ म्हटलं नाही.

आबांची वही परवा पाहिली. नव्या गोळीच्या आठव्या दिवशी सुनेने लिहिलंय : ‘सकाळी 104/62, उठताना चक्कर.’ दवाखान्याची पुढची तारीख दीड महिन्यानंतरची आहे.