प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर घरी

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्या पोटातूनच खाली उतरतो. कर्करोग या ग्रंथीपुरता मर्यादित असेल तर ती संपूर्ण काढून टाकता येते. तिच्यासोबत वीर्यकोश निघतात, काही रुग्णांत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. मग मूत्राशय खाली ओढून मूत्रमार्गाच्या उरलेल्या टोकाला टाक्यांनी जोडतात. घरी आल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यातील बहुतेक सूचना या एका जोडासाठी असतात. लघवीची नळी किती दिवस ठेवायची, शौचाला जोर का करायचा नाही, बादली का उचलायची नाही, या सगळ्यांचे उत्तर तिथे आहे. हे कारण घरच्यांना नीट समजले तर सूचना पाळल्या जातात. नुसती ‘काळजी घ्या’ एवढी ताकीद दिली तर चार दिवसांत विसरल्या जातात.

हल्ली ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत रोबोटच्या साहाय्याने होते. पोटावर पाच-सहा छोटी छिद्रे असतात, रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. ओटीपोटावर चीर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर थोडे जास्त दिवस रुग्णालयात राहावे लागते. बाहेरच्या या फरकामुळे एक गैरसमज होतो. छिद्रे लहान, म्हणजे शस्त्रक्रियाही लहान, असे घरच्यांना वाटते, भेटायला येणाऱ्यांना वाटते, रुग्णालाही वाटू लागते. आत मात्र दोन्ही पद्धतींत तेवढेच कापलेले आणि तेवढेच जोडलेले असते. पहिले दोन-तीन आठवडे येणारा थकवा त्यामुळेच असतो. अंडकोशाला सूज येणे, ती जागा निळी-काळी पडणे, दूरबिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखणे, हेही या दिवसांत नेहमीचे. ते आपोआप कमी होते. अंडकोशाखाली टॉवेलची घडी ठेवली की आराम पडतो.

महाराष्ट्रातील अनेक रुग्णांच्या बाबतीत ‘घर’ म्हणजे लगेच स्वतःचे घर नसते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले, तेव्हापासून राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणि देशभरातून लोक तिथे येत आहेत. नळी काढायला पुन्हा यायचे असल्याने गावाकडचा रुग्ण मधले दिवस नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोलीत किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी काढतो. अशा जागी संडास सामाईक असतो, कधी जिने चढावे लागतात. मुक्काम ठरवताना खोलीच्या भाड्याआधी संडास किती जवळ आहे हे पाहावे.

नळी, म्हणजे कॅथेटर, साधारण एक ते दोन आठवडे राहते. तिच्या आतल्या टोकाशी पाण्याने फुगवलेला छोटा फुगा असतो आणि त्यामुळे ती मूत्राशयात टिकून राहते. लघवी पिशवीत वाहत राहिल्याने जोडावर ताण येत नाही आणि तो नळीभोवती भरून येतो. म्हणून नळी ओढली जाऊ नये यासाठी ती मांडीला पट्टीने चिकटवून ठेवतात. ही पट्टी सुटली असेल तर त्याच वेळी बदलावी. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी. खाटेवर झोपताना ती कडेला खाली टांगावी. जमिनीवर अंथरूण असेल तर पिशवीला खाली जागाच उरत नाही, म्हणून या दिवसांपुरती खाट मागून आणावी. पिशवी अर्धी-पाऊण भरली की रिकामी करावी आणि त्याआधी व नंतर हात साबणाने धुवावेत. नळी जिथून बाहेर येते तो भाग रोज साबण-पाण्याने धुणे पुरेसे असते. तिथे डेटॉल, हळद किंवा मलम लावू नये. कपड्यांत लुंगी सर्वांत सोयीची.

नळीतल्या लघवीचा रंग घरच्यांना घाबरवतो. चालल्यावर किंवा शौचाला बसल्यावर ती गुलाबी किंवा लालसर होऊ शकते. पाणी पिऊन विश्रांती घेतली की बहुधा निवळते. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्यावे, मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अधूनमधून ओटीपोटात कळ येते, जोराने लघवी लागल्यासारखे वाटते आणि नळीच्या बाजूने थोडी लघवी बाहेर येते. आतला फुगा मूत्राशयाच्या भिंतीला टोचत असल्याने मूत्राशय आकुंचन पावते, त्याचा हा परिणाम. त्यावर गोळी मिळते. नळीतून काहीच न येणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. आधी नळी कुठे मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का हे पाहावे. तसे नसेल, ओटीपोट फुगत असेल किंवा गुठळ्या दिसत असतील, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. नळी निसटून बाहेर आली तर गावातल्या दवाखान्यात कुणाकडूनही ती पुन्हा घालून घेऊ नये. ताज्या जोडातून आंधळेपणाने ढकललेली नळी तो जोड उसवू शकते. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाला आधी फोन करावा. तो नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा.

शौचाचा प्रश्न जेवढा वाटतो त्यापेक्षा गंभीर असतो. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग त्या जोडाला अगदी लागून आहे आणि वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतेच. कुंथल्याने जोडावर दाब पडतो. म्हणून पोट साफ ठेवणारे औषध पहिल्या दिवसापासून घ्यावे, त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पपई, ताक, रात्री इसबगोल एवढ्याने अनेकांचे भागते. वाल, पावटे, हरभरे यांनी पोट फुगते, ते काही दिवस बाजूला ठेवावेत. एनिमा घेणे किंवा गुदद्वारातून औषध घालणे पहिले काही आठवडे सर्जनला विचारल्याशिवाय कदापि करू नये. नळी असताना उकिडवे बसणे अवघड जाते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणावी. महाराष्ट्रात गावोगावी सामाजिक संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. तिथे अशी खुर्ची अनामत रकमेवर मिळते.

पडून राहणे म्हणजे विश्रांती, ही समजूत इथे धोक्याची ठरते. कर्करोग आणि ओटीपोटावरची शस्त्रक्रिया या दोन्हींमुळे पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते आणि अशी गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. दर दोन-तीन तासांनी घरातल्या घरात फेरी मारणे, बसल्या जागी पावले वर-खाली हलवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. काहींना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने घरीही चालू ठेवावी लागतात. ती बरे वाटते म्हणून मध्येच थांबवू नयेत. एका पोटरीला सूज आणि दुखणे, छातीत कळ, अचानक धाप, 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, जखमेतून पू, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबू नये. बाकी हालचालींचा हिशेब सोपा आहे. चार ते सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, यात पाण्याची भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर आणि नातवंडेही आली. बसून करायचे काम तीन-चार आठवड्यांत सुरू करता येते. शेतीची, अंगमेहनतीची कामे, सायकल आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरची मोटारसायकल यांना जास्त अवधी द्यावा लागतो.

नळी काढण्याचा दिवस सुटकेचा म्हणून ठरवलेला असतो आणि त्याच दिवशी बहुतेकांना धक्का बसतो. लघवी थांबत नाही. खुर्चीतून उठताना, खोकताना, शिंकताना, कधी नुसते चालताना ती गळते. याचे कारण शरीररचनेत आहे. शस्त्रक्रियेपूर्वी लघवी दोन ठिकाणी अडवली जाते, एक मूत्राशयाच्या तोंडाशी आणि दुसरी प्रोस्टेटच्या खाली असलेल्या स्नायूच्या वलयाशी. ग्रंथीबरोबर वरचा अडसर निघून जातो. ज्या खालच्या वलयावर आयुष्यभर फार भार नव्हता, त्याने आता सगळे एकट्याने सांभाळायचे असते. ते बळकट व्हायला वेळ लागतो. हे शस्त्रक्रियेच्या आधीच, स्पष्ट शब्दांत, पत्नीच्या किंवा मुलाच्या समोर सांगितले गेले पाहिजे. ते सांगितले गेले नाही की शस्त्रक्रिया बिघडली असे मानून माणूस खचतो.

सुधारणेला बहुधा एक क्रम असतो. आधी रात्रीची झोप कोरडी होते, मग बसलेले असतानाचा वेळ, मग उभे राहणे आणि चालणे. संध्याकाळी स्नायू थकल्याने सकाळपेक्षा जास्त गळते. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत मोठा फरक दिसतो आणि वर्षभर सुधारणा चालू राहते. नळी काढायला जाताना प्रौढांचे डायपर सोबत न्यावेत. नंतर गळती कमी झाली की अंतर्वस्त्रात ठेवायचे पॅड पुरतात. हा खर्च महिन्याच्या हिशेबात आधीच धरावा. गळते म्हणून पाणी कमी पिण्याचा मोह होतो. पण घट्ट, पिवळी लघवी मूत्राशयाला जास्त चिडवते आणि संसर्गाला वाट देते. पाण्याऐवजी चहा-कॉफीचे कप आणि मद्य कमी करावे.

या वलयाला बळ देणारा व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली प्रसिद्ध केला. तो बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या स्त्रियांसाठी होता, आज तो प्रोस्टेटच्या रुग्णांनाही शिकवतात. वायू सरताना जसे अडवून धरतो तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, पाच ते दहा सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या किंवा नितंब आवळले जात असतील तर व्यायाम चुकतो आहे. श्वास रोखायचा नाही. नळी आत असताना हा व्यायाम करू नये, आणि चालू लघवी मध्येच तोडून रोजचा सराव करणेही योग्य नाही. उठण्याआधी, खोकण्याआधी स्नायू आवळण्याची सवय लागली की निम्मी गळती तिथेच आटोक्यात येते, असा अनेकांचा अनुभव आहे. शस्त्रक्रियेआधीच फिजिओथेरपिस्टकडून तो शिकून घेतला तर सर्वांत बरे. वर्षानंतरही त्रास राहिला तर मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम वलय बसवण्याचे उपाय आहेत. अनेक रुग्णांपर्यंत ही माहिती पोचतच नाही. ते लग्नकार्य, मंदिर, एसटीचा प्रवास टाळत घरात बसून राहतात, याचे फार वाईट वाटते.

लैंगिक क्षमतेविषयी घरात कोणी बोलत नाही. लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात. 1980च्या दशकापर्यंत त्या नेमक्या कुठे आहेत हेच सर्जनना ठाऊक नव्हते आणि शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ प्रत्येक पुरुष ही क्षमता गमावत असे. 1981 साली नेदरलँड्समधील लायडन येथे पीटर डोंकर आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श यांनी या नसांचा माग काढला आणि 26 एप्रिल 1982 रोजी वॉल्श यांनी त्या जाणीवपूर्वक वाचवणारी पहिली शस्त्रक्रिया केली. तरीही वाचवलेल्या नसा हाताळल्याने काही काळ निकामी राहतात. त्यांना सावरायला दीड-दोन वर्षेही लागतात. कर्करोग नसांपर्यंत पोचला असेल तर त्या काढाव्याच लागतात. वय, मधुमेह, तंबाखू आणि शस्त्रक्रियेपूर्वीची क्षमता यांवरही बरेच अवलंबून असते. 1998 पासून मिळणारे सिल्डेनाफिल आणि त्याच जातीची औषधे मदत करतात. मात्र हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. त्यामुळे मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणून ती घेऊ नयेत. निर्वात पंप आणि इंजेक्शन हे आणखी उपाय आहेत. संवेदना आणि सुखाचा परमोच्च क्षण राहतो, वीर्य मात्र बाहेर येत नाही, कारण ते बनवणारे अवयवच निघालेले असतात. मूल हवे असलेल्या तरुण रुग्णाने शस्त्रक्रियेआधी शुक्राणू साठवून ठेवणे आवश्यक असते. पत्नीला या गोष्टी डॉक्टरांकडून कळल्या तर नवऱ्याच्या दुराव्याचा ती भलता अर्थ लावत नाही. म्हणून तपासणीला दोघांनी जावे.

दरम्यान, काढलेल्या ग्रंथीचा पॅथॉलॉजीचा अहवाल येतो. त्यात कर्करोगाची आक्रमकता सांगणारा ग्लीसन गुणांक, कापलेल्या कडांना पेशी पोचल्या होत्या का, वीर्यकोश आणि लसिकाग्रंथी मोकळ्या आहेत का हे लिहिलेले असते. सहा ते आठ आठवड्यांनी रक्तातील पीएसएची, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत बनणाऱ्या प्रथिनाची, पहिली तपासणी होते. त्याआधी ती करण्यात अर्थ नाही, कारण आधीचे पीएसए रक्तातून निघून जायला वेळ लागतो. ग्रंथीच नसल्याने हा आकडा 0.1 च्या खाली, जवळजवळ शून्य असायला हवा. पुढे पहिली काही वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी चालू राहते. शक्य असेल तर ती एकाच प्रयोगशाळेत करावी. लागोपाठ दोन तपासण्यांत आकडा 0.2 किंवा त्याहून वर गेला तर कर्करोग परतल्याचे मानतात. पूर्वी कडा मोकळ्या नसल्या की लगेच किरणोपचार देत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनंतर बहुतेक रुग्णांत पीएसएवर लक्ष ठेवून, तो वाढू लागताच किरणोपचार सुरू करण्याकडे कल झाला आहे. त्यामुळे अनेकांचे किरणोपचार टळतात, आणि ज्यांना ते द्यावे लागतात त्यांना लघवीवरचा ताबा परत मिळवायला मधले महिने मिळतात.