'सदृश' तापाला औषध काय?



2018 च्या ऑक्टोबरात सरकारने 180 तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती सांगितली आणि आठवड्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. 'सदृश' म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पीक करपलेले असते, कागद तेवढा हिरवा असतो.

तोच शब्द आता आपल्या तापाला चिकटवला आहे. शेवगाव-पाथर्डीत कपाशीची पहिली वेचणी आली, कर्जत-जामखेडला ज्वारीची पेरणी सुरू झाली की घरोघर माणसे अंथरूण धरतात. दप्तरी ती सगळी 'डेंग्यूसदृश'.

का? कारण सरकारी हिशेबात एलायझा तपासणीत सिद्ध झालेला रोगीच डेंग्यूचा. कार्डावरच्या तपासणीला किंमत नाही. तो रोगी 'संशयित'. एलायझाच्या प्लेटला 96 खाचे असतात, आणि दोन-चार नमुन्यांसाठी प्लेट लावणे प्रयोगशाळेला परवडत नाही. नमुने साठू द्यायचे. त्यातही प्रतिपिंडे शोधणारी तपासणी तापाच्या पाचव्या दिवसानंतरच नीट सापडते. निकाल येईतो रोगी एकतर उठून कामाला लागलेला असतो, नाहीतर उसनवारी करून नगरच्या खाजगी दवाखान्यात पडलेला असतो. या तपासणीचे संच आपल्याच पुण्यात, राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार होऊन देशभर जातात!

आम्ही शेतीशास्त्र शिकलेले, डॉक्टर नव्हे. पण बोंडअळीचा हिशेब आम्हाला कळतो. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की आपण फवारणीला लागतो. बोंडे फुटून सरकीत अळी दिसेपर्यंत थांबणाऱ्याला गावात कोणी शहाणा म्हणत नाही. तापालाही असा सापळा आहे. पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे एनएस-1 हे प्रथिन रक्तात सापडते. कार्डावर वीसेक मिनिटांत कळते. कार्ड कोरे आले म्हणून डेंग्यू नाहीच असे मात्र समजू नये. म्हणून जोडीला रोज साधी रक्तगणना हवी: प्लेटलेट उतरताहेत काय, रक्त घट्ट होते आहे काय.

डेंग्यूवर नेमके औषध नाही, मग तपासून काय उपयोग, असे विचारणारे साहेब आम्हाला भेटले आहेत. उपयोग असा. डेंग्यू कळला की अंगदुखीवरचे ते कमरेतले इंजेक्शन आणि ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन टाळता येते. त्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, एवढ्यावर बहुतेक रोगी बरे होतात. आणि दुसरे, खरा धोका ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला म्हणून बाई ओटी बांधून वेचणीला जाते आणि त्याच दिवशी पोट दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते. हे आधी माहीत असते तर तिला घरच्यांनी शेतात जाऊ दिले असते काय? प्लेटलेटचा आकडा दाखवून, रक्तस्राव नसताना पिशव्या चढवणाऱ्यांचा धंदाही याच अंधारावर चालतो.

नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, म्हणून दारात पिंप. त्या स्वच्छ पाण्यात डास. पिंप झाकणे, आठवड्याला घासून कोरडे करणे आपल्या हातात आहे, ते आपण करू. पण पिंप भरून ठेवायची पाळी कोणी आणली?

गावात हे जमणार नाही, ही सबब नगर जिल्ह्यात तरी चालायची नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले आणि शाळा न पाहिलेल्या बायकांच्या हाती गावाचे आरोग्य दिले. आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने उचलायची महालॅबची सोय सरकारने 2017 सालीच उभी केली आहे.

आमची मागणी सरळ आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एनएस-1 तपासणी आणि रक्तगणना रोज, फुकट. एलायझाचा निकाल दुसऱ्या दिवशी रोग्याच्या फोनवर. 'संशयितां'ची गाववार यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने यंदाच्या तापाच्या रोग्यांची यादी आणावी: ताप कधी आला, रक्त कधी दिले, निकाल कधी हाती पडला, खर्च किती झाला. या याद्यांचा गठ्ठा घेऊनच जिल्हा परिषदेत जायचे आहे.