गाडीतला पडदा आणि खाडीपट्ट्याची रेंज



खाडीपट्ट्यात तुडीलला गेलो की आम्ही आधी खिशातला फोन काढून पाहतो. रेंजच्या रेघा कधी दिसतात, कधी नाही. एरवी त्याचे काही वाटत नाही. पण रात्री-अपरात्री वस्तीवर दगड पडले, तर पोलीस किती वेळात येतात यावरच सारे ठरते. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना याच महाडात गाठून मारले होते. मदत वेळेवर येणे म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. तेव्हा पोलिसांच्या गाडीत कोणते यंत्र बसते, हा विषय आपल्याही घरचा आहे.

महाराष्ट्रात 2021 साली 112 क्रमांकाची सेवा सुरू झाली. आपला फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो आणि निरोप जवळच्या गाडीतल्या पडद्यावर उमटतो. आम्हांला मोल वाटते ते नोंदीचे. फोन किती वाजता आला, गाडी केव्हा पोचली, हे लिहून राहते. 'आम्हांला कोणी कळवलेच नाही' हे उत्तर मग चालत नाही. अत्याचाराच्या प्रकरणात वेळेची नोंद काय कामाची, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारा.

पण हा पडदा चालतो मोबाइलच्या जाळ्यावर. जुलै 2021 च्या महापुरात महाडची वीज गेली, फोन मुके झाले. 22 तारखेला तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. बचावपथके पोचायला दुसरा दिवस उजाडला. (रस्तेही बंद होते, सारा दोष फोनचा नव्हे.) अशा वेळी उपयोगी पडतो तो जुना वायरलेस संच. तो कंपनीच्या टॉवरची वाट पाहत नाही. मात्र डोंगरावरच्या रिपीटरची बॅटरी भरलेली हवी. त्याचा डिजिटल प्रकार आवाजाबरोबर छोटा मजकूर आणि गाडीचे ठिकाणही पाठवतो. चित्रफिती त्यावरून जायच्या नाहीत. पण पत्ता आणि चार ओळींचा निरोप जायला वेग तो किती लागतो?

आमचे मत स्पष्ट आहे. डोंगरी तालुक्यांतल्या गाड्यांत दोन्ही हवीत, आणि चाचणी शहरातल्या रस्त्यावर न घेता भर पावसाळ्यात वाळण खोऱ्यात घ्यावी.

येत्या ग्रामसभेत महिला मंडळाच्या ताईंनी आणि तरुणांनी रेंज नसलेल्या वाड्यांची यादी लेखी द्यावी. अर्जाची शिक्क्यासह पोच घ्यायला मात्र विसरू नये.